जुने कंट्री गायक ऐकायचेत, सुरुवात कुठून करू?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. इथं जुन्या गाण्याचे दर्दी लोक बरेच हायेत म्हणून विचारायलोय. गेल्या पावसाळ्यापासून मला अमेरिकेतल्या जुन्या कंट्री, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातल्या, गाण्यांचा नाद लागलाय. सुरुवात जॉनी कॅशच्या 'हर्ट'नं झाली. २००२ चं गाणं, मूळ दुसऱ्याच रॉक बँडचं, पण ह्या माणसानं म्हातारपणी, अंगात त्राण नसताना ते असं म्हटलंय की आता ते त्याचंच वाटतंय. पुढच्याच वर्षी तो गेला. मग मागं मागं जात त्याचं १९६८ चं फॉल्सम तुरुंगातलं रेकॉर्डिंग ऐकलं, कैद्यांसमोर गायलेलं, आणि तिथून पुढं गाडी अडलीय कारण नावं इतकी हायेत की कुणाला आधी धरावं ते कळंना.

मी आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. त्यामुळं चाल पटकन हाताखाली येते, आणि बघतोय तर बहुतेक गाण्यांत तीनच कॉर्ड (एकदम दाबायच्या सुरांचे जोड) फिरवून फिरवून वापरल्यात. तरीबी एक गाणं काळजाला हात घालतंय आणि दुसरं नुसतंच कानावरून जातंय. हे कशामुळं? म्हणजे गायकानं नेमकं काय केलेलं असतं? अजून दोन गोष्टी विचारायच्या होत्या. मधीच आवाज फाटल्यासारखा वर उडतो ते काय प्रकरण हाय, आणि मागं ते रडल्यासारखं घसरत जाणारं वाद्य कोणतं? माझे मित्र म्हणतात टोपीवाल्या घोडेस्वारांची गाणी हायेत, एक ऐकलं की सगळी ऐकली. मला तसं अजिबात वाटत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं, कितीबी मोठं असलं तरी वाचीन.

सरकी_जालना

भौ, माझं ऐकशील तर जॉनी कॅशवरून थेट १९२७ ला जा. त्या वर्षी जुलैअखेर राल्फ पीअर नावाचा माणूस व्हिक्टर कंपनीचं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन ब्रिस्टल गावात उतरला, टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवरचं गाव, आणि आजूबाजूच्या डोंगरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या लोकांना त्यानं बोलावलं. त्या एकाच मुक्कामात त्याला जिमी रॉजर्स पण सापडला आणि कार्टर कुटुंब पण. पुढचा सगळा पसारा ह्या दोघांपासून वाढला म्हटलं तरी चालतंय.

जिमी रॉजर्स मिसिसिपीतल्या मेरिडियनचा. पोरसवदा असताना रुळावरच्या मजुरांना पाणी वाटायचा, मग रेल्वेत ब्रेक्समन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा, झाला. त्या मजुरांत काळे लोक बरेच, त्यांची कामाची गाणी ह्याच्या कानात बसली. पुढं टीबी झाला, रेल्वे सुटली आणि गाण्यावरच पोट आलं. तू विचारतो ते आवाज वर उडणं म्हणजे योडेल. छातीतला भरीव आवाज एका झटक्यात वरच्या बारीक आवाजात टाकायचा आणि मधला सांधा झाकायचा नाही, उलट तोच ऐकू येऊ द्यायचा. आपल्याकडं गाणं शिकवताना हा सांधा दिसू नये म्हणून वर्षानुवर्षं मेहनत घेतात, इथं सगळा जीव त्या सांध्यातच आहे. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं शेवटचं रेकॉर्डिंग केलं तेव्हा गाण्यांच्या मधल्या वेळात त्याला खाटेवर पडून राहावं लागत होतं. ते संपलं आणि दोनच दिवसांनी गेला, वय ३५. स्वतःच्या टीबीवर त्यानं गाणं केलेलं आहे, ते काढून ऐक. कुठंच कीव मागितलेली नाही, जसं आहे तसं सांगून मोकळा.

आणि हँक विल्यम्स. ह्याच्यावर मी रात्रभर लिहू शकतो. १९२३ ला अलाबामात जन्म, मणक्यात जन्मापासून दोष, त्याच्या कळा आयुष्यभर, आणि त्या कळांवर दारू आणि औषधं. जून १९४९ मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरातल्या, कंट्रीच्या माहेरातल्या, ग्रँड ओल ऑप्री ह्या रेडिओ कार्यक्रमात पहिल्यांदा उभा राहिला तर लोकांनी 'लव्हसिक ब्लूज' सहा वेळा परत म्हणायला लावलं अशी आठवण सांगतात. तीन वर्षांत त्याच ऑप्रीनं त्याला दारूपायी काढून टाकलं. १ जानेवारी १९५३ ला कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवरच गेला. वय २९ फक्त.

आता तुझा खरा प्रश्न, गायक नेमकं काय करतो. त्याचं १९४९ चं 'आय एम सो लोन्सम आय कुड क्राय' लाव आणि पेटी जवळ घेऊन बस. तीन मात्रांची संथ लय आहे, दादरा धरला तरी बसतो. शब्दात काय आहे तर एक-दोन पक्षी, रात्रीची रेल्वे, ढगामागं गेलेला चंद्र, तुटता तारा. एवढंच. स्वतःबद्दल तो एका ओळीपुरतंच बोलतो, बाकी सगळं आजूबाजूला दिसतंय ते सांगतो. आणि गळा बघ, तान नाही, हरकत नाही, सूर सरळ ठेवतो आणि ओळ संपता संपता आवाज किंचित तुटू देतो आणि लगेच सावरतो. जास्त तोडला असता तर नाटक झालं असतं. ते किती तोडायचं ह्याचा अंदाज ज्याला आहे त्याचं गाणं काळजात जातं. माझ्या मते सगळा फरक तिथं आहे. आणि हे गाणं कंपनीनं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, पुढच्या बाजूला दुसरंच हलकंफुलकं गाणं. आज ते पुढचं गाणं लोकांना सांगावं लागतं.

गोदातीर (नांदेड)

सरकीदादा, छान लिहिलंत, हँकबद्दल शब्दन्शब्द पटला. पण अशा धाग्यांत बायकांची नावं सगळ्यात शेवटी येतात म्हणून मी आताच लिहायलेय.

मांजराकाठ दादा, १९५२ पासून सुरुवात करा, किटी वेल्स. त्या वर्षी एका गायकाचं गाणं गाजत होतं, त्यात दारूच्या गुत्त्यावर भेटणाऱ्या बाईला दोष दिलेला, की देवानंच तुला असं घडवलं. किटी वेल्सनं त्याच चालीवर उत्तर दिलं, की देवाला मधी कशाला ओढता, लग्न झालेले पुरुष एकटे असल्याचं सोंग करतात त्यातून हे घडतं. ते पण कसं, आवाज चढवून नाही, घरातली बाई भाकरी थापता थापता खरं सांगून टाकते त्या सुरात. ऑप्रीत ते गाणं म्हणायला सुरुवातीला बंदी होती, एका मोठ्या रेडिओ कंपनीनं पण लावलं नाही, आणि तरी ते कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं. एकट्या बाईचं गाणं तिथं पोचण्याची ती पहिलीच वेळ.

लोरेटा लिन माझी सगळ्यात आवडती, तिच्यावर जरा जास्त लिहिते. केंटकीतल्या बुचर हॉलो नावाच्या डोंगरातल्या वस्तीतली, बाप कोळशाच्या खाणीत. लग्न झालं तेव्हा ती १५ वर्षांची. आपल्याकडं बीड, परभणी भागात ऊसतोडीला जायच्या आधी पोरीचं लग्न उरकून टाकतात, त्या पोरींची वयं मला तिथं लगेच आठवली. विशी ओलांडेपर्यंत पदरात चार लेकरं. नवऱ्यानं एक स्वस्तातली गिटार आणून दिली, त्यावर ती स्वतःच शिकली, आणि १९६० ला पहिली रेकॉर्ड निघाल्यावर दोघं नवरा-बायको गाडी घेऊन एका रेडिओ स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर फिरले, आमची रेकॉर्ड लावा म्हणून. पुढं ती लिहायला लागली आणि असं लिहिलं की बास. दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दारातच अडवणारं गाणं. बाळंतपणांना कंटाळलेल्या बाईचं, गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं, ते १९७५ ला आलं तेव्हा कितीतरी स्टेशनांनी लावायलाच नकार दिला. एवढं करून तिच्या आवाजात कडवटपणा नाही. तिचे उच्चार ऐका, डोंगरातल्या बोलीतले आहेत आणि नॅशव्हिलला जाऊन, मोठं नाव होऊन पण तिनं ते बदलले नाहीत. आपली पोरं पुण्याला जाऊन सहा महिन्यात 'करायलोय' म्हणायचं सोडतात तेव्हा मला फार वाईट वाटतं हो. १९७२ ला कंट्रीवाल्यांचा वर्षाचा सगळ्यात मोठा मान तिला मिळाला, बाईला तो तेव्हा पहिल्यांदाच मिळाला. २०२२ ला गेली, नव्वदीत.

आणि पॅट्सी क्लाइन. तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगते. जून १९६१ मध्ये तिचा गाडीचा भयंकर अपघात झाला. ती दवाखान्यात पडलेली असताना रेडिओवरच्या एका रात्रीच्या कार्यक्रमात नव्यानंच आलेल्या लोरेटानं पॅट्सीचंच गाणं तिच्यासाठी म्हटलं. पॅट्सीनं ते ऐकलं आणि ह्या पोरीला बोलावून घ्या म्हणाली. तिथून दोघींची मैत्री झाली, ती पॅट्सी जाईपर्यंत. त्याच ऑगस्टमध्ये पॅट्सी कुबड्या घेऊन स्टुडिओत 'क्रेझी' गायला गेली. विली नेल्सननं लिहिलेलं गाणं, तेव्हा त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात, म्हणून वाद्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवलं आणि तिनं नंतर परत येऊन गळा दिला. ते लक्षात ठेवून ऐका, पहिल्याच शब्दाला ती किती सावकाश खाली उतरते ते बघा. मार्च १९६३ मध्ये विमान पडून गेली. तीस वर्षांची होती.

तार_खुंटी (परभणी)

वाद्याचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो. तुम्ही जे रडल्यासारखं म्हणता ती स्टील गिटार. बोटांनी पट्ट्या न दाबता तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची, त्यामुळं सूर तुटत नाही, एका सुरातून दुसऱ्यात मींड घेतल्यासारखा जातो. हे वाद्य मूळ हवाई बेटांवरचं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला जोसेफ केकुकू नावाच्या पोरानं ही पद्धत रूढ केली असं मानतात. तिथून ती अमेरिकेत गेली आणि कंट्रीत अशी बसली की आता तिच्याशिवाय कंट्री वाटत नाही. हँकच्या बऱ्याच रेकॉर्डवर डॉन हेल्म्स वाजवतो, गाणं सुरू होतानाच ते तीक्ष्ण, उंच सूर ओळखू येतात. पुढं १९५४ च्या सुमाराला पायानं दाबायचे पेडल आले, तार वाजत असतानाच तिचा सूर बदलता यायला लागला, तो आवाज अजूनच वेगळा.

आपल्याला हे ओळखीचं वाटतं त्याला कारण आहे. तीच हवाईयन गिटार आपल्याकडं पण आली, जुन्या हिंदी गाण्यांच्या नुसत्या वाद्यावरच्या रेकॉर्डी निघायच्या त्यात हीच. ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग वाजवले, १९६७ ला शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसादांसोबत त्यांची रेकॉर्ड निघाली. नंतर विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणा केली. म्हणजे एकाच बेटावरून निघालेलं वाद्य टेनेसीत पण रुजलं आणि आपल्याकडं पण. म्हणून मला वाटतं शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाला कंट्रीत शिरायला स्टील गिटार हा सगळ्यात जवळचा दरवाजा आहे.

गिटार वाजवणाऱ्यांनी कार्टर कुटुंबातल्या मेबेल कार्टरला विसरू नये. ती अंगठ्यानं खालच्या सुराच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बाकी बोटांनी वर ठेका धरायची, म्हणजे एकाच बाईच्या हातात चाल पण आणि साथ पण. १९२८ चं 'वाइल्डवुड फ्लॉवर' ऐका. मी ते शिकायला बसलो तेव्हा कळलं की अवघड काय आहे, वेग नाही, दोन्ही कामं सारख्या वजनानं चालू ठेवणं अवघड आहे. तिचीच पोरगी जून पुढं जॉनी कॅशची बायको झाली.

कॅशचं पण एक सांगतो, पेटीवाल्याला उपयोगी आहे. सुरुवातीला त्याच्याकडं ढोल वाजवणारा नव्हता, तर तो गिटारच्या तारांत कागद अडकवायचा, त्यामुळं झंकार मरायचा आणि खरखरीत ठेका यायचा. आणि १९५६ चं 'आय वॉक द लाइन' लावा. प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते, आणि कडवं सुरू करायच्या आधी तो नुसता हुंकार भरतो ते ऐकू येतं. तो नवीन सा शोधून घेतोय. शेवटचं कडवं पहिल्याच पट्टीत परत येतं पण एक सप्तक खाली. पेटीवर धरून बघा, पट्टी कुठं कुठं फिरते ते हाताला कळेल.

बालाघाट (बीड)

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं हाय. पॅट्सी क्लाइन मोठीच, पण तिच्या गाण्यांतली ती व्हायोलिनं आणि मागचे कोरसवाले मला खटकतात. १९५७-५८ नंतर नॅशव्हिलच्या कंपन्यांनी ठरवून फिडल (गावाकडच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागं सारली, रॉक अँड रोलमुळं कंट्रीचा खप पडला होता म्हणून शहरातल्या लोकांना आवडंल असं गुळगुळीत करायचं. ओवेन ब्रॅडली आणि चेट अ‍ॅटकिन्स ही त्यातली मोठी माणसं. धंदा वाचला हे खरं, पण मातीचा वास गेला. मला विचाराल तर कार्टर कुटुंब, हँक, आणि मग सरळ सत्तरच्या दशकातला विली नेल्सन. त्याचं १९७५ चं 'रेड हेडेड स्ट्रेंजर' ऐका. इतकं उघडं-बोडकं रेकॉर्डिंग की कंपनीच्या लोकांना ते अर्धवट वाटलं होतं. त्याची ती जुनी गिटार, घासून घासून भोक पडलेली, अजून तीच वाजवतो.

मधल्या काळातला एकच माणूस मी सोडत नाही तो जिम रीव्हज, कारण आमच्या घरी त्याची कॅसेट होती आणि आपल्याकडच्या जुन्या पिढीला कंट्रीतलं हे एकच नाव माहीत असायचं. माइकच्या अगदी जवळ येऊन हळू गायचा, १९५९ चं 'हिल हॅव टू गो' ऐका, फोनवर बोलल्यासारखं गायलंय आणि गाणं पण फोनवरच्याच बोलण्याचं हाय. १९६४ ला स्वतः विमान चालवत असताना वादळात सापडून गेला.

गोदातीर (नांदेड)

बालाघाट दादा, व्हायोलिन खटकतात हे मान्य, काही गाण्यांत खरंच जास्त झालीत. पण पॅट्सीचा गळा त्या गादीवर लोळत नाही हो, ती वाद्यांच्या जरा मागं राहून गाते, लय ताणते, आणि तिला तेवढी मोकळी जागा त्या संथ साथीमुळंच मिळते. तिचं आधीचं १९५७ चं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' आणि 'क्रेझी' लागोपाठ ऐका, पहिल्यात स्टील गिटार पण आहे, आणि मग सांगा कुठल्या गाण्यात ती जास्त मोकळी वाटते.

परंडा_वेस (धाराशिव)

अस्सलाम आणि नमस्कार सगळ्यांना. एवढं चांगलं चाललंय तर एक बाजू मी मांडतो, कारण मित्र टोपीवाले घोडेस्वार म्हणतात ना, ती समजूत इथंच मोडते.

हँकला गिटार आणि लोकांसमोर उभं राहायचं कसब शिकवलं ते रुफस पेन ह्या काळ्या वादकानं, रस्त्यावर वाजवून पोट भरायचा, लोक त्याला टी-टॉट म्हणायचे. हँकनं हे कधी लपवलं नाही, आपल्याला संगीताचं जे काही शिक्षण मिळालं ते त्याच्याकडूनच असं तो सांगायचा. कार्टर कुटुंबाचा ए. पी. कार्टर डोंगरातल्या घराघरात जाऊन जुनी गाणी गोळा करायचा, त्याच्यासोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असायचा, त्याचा एक पाय गेलेला. कार्टर शब्द लिहून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. रेकॉर्डवर नाव आलं कार्टरचं, हक्क पण त्याचे, रिडलला लोकांनी साठच्या दशकात शोधून काढलं. मला इथं आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या पण आहेत, आणि प्रत्येक ओवीला गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लावून ठेवलं. तसं ब्रिस्टलच्या डोंगरात झालं असतं तर आज किती नावं आपल्याला माहीत असती!

डीफर्ड बेली ऐका, माउथ ऑर्गनवर पूर्ण रेल्वे उभी करायचा, शिट्टी, चाकं, पुलावरचा आवाज सगळं. डिसेंबर १९२७ मध्ये त्याचं वाजवणं झालं आणि त्याच्या पाठोपाठच निवेदकाच्या तोंडून कार्यक्रमाला ग्रँड ओल ऑप्री हे नाव पडलं. दौऱ्यावर मात्र बाकीच्यांसोबत हॉटेलात राहायला मिळायचं नाही. १९४१ ला त्याला काढलं, पुढं बूटपॉलिशच्या दुकानावर दिवस काढले. कंट्रीच्या मानकऱ्यांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये, घेतलं ते २००५ ला, मरणानंतर तेवीस वर्षांनी.

आणि चार्ली प्राइड. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस करणाऱ्या कुटुंबात अकरा भावंडं. मी स्वतः लहानपणी कापूस वेचलाय, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा कशा फाटतात ते मला माहीत आहे, म्हणून ह्या माणसाच्या आवाजातला तो स्वच्छ गोडवा ऐकला की थक्क व्हायला होतं. आधी बेसबॉल खेळायचा. १९६६ ला आरसीए कंपनीनं पहिली रेकॉर्ड काढली ती त्याचा फोटो न देता पाठवली, रेडिओवाले लावणार नाहीत ह्या भीतीनं. लोकांनी आवाज ऐकून डोक्यावर घेतलं, आणि मोठ्या कार्यक्रमात तो स्टेजवर आला की टाळ्या एकदम थांबायच्या. तो दोन शब्द हसून बोलायचा आणि गायला सुरुवात करायचा, गाणं संपेपर्यंत लोक त्याचे झालेले असायचे. १९७१ ला वर्षाचा सगळ्यात मोठा मान त्याला मिळाला, त्याच वर्षी 'किस अ‍ॅन एंजल गुड मॉर्निन' आलं. २९ गाणी पहिल्या नंबरावर. डिसेंबर २०२० मध्ये करोनानं गेला. मी त्याचं गाणं लावतो तेव्हा घरात सगळे ऐकतात, अम्मी पण, जिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही.

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, एवढं भरभरून मिळंल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. तार_खुंटी दादा, 'आय वॉक द लाइन' पेटीवर धरून बघितलं, तो हुंकार आता गाण्यापेक्षा जास्त आवडायलाय, दर वेळी वाट बघतोय त्याची. गोदातीर ताई, लोरेटा लिनचं ऐकलं आणि बायकोला अर्थ सांगितला, ती म्हणाली ते नवऱ्याला दारात अडवायचं गाणं परत लावा. परंडा भाऊ, चार्ली प्राइडचं नावच मला माहीत नव्हतं, आज दिवसभर दुकानात तेच चालू हाय.

एक शेवटचं विचारतो. जॉर्ज जोन्सचं नाव जो तो घेतोय, सगळ्यात मोठा गळा म्हणून. आणि मर्ल हॅगर्ड. ह्या दोघांवर कुणी लिहील का?

सरकी_जालना

मी लिहितो. मर्ल हॅगर्ड आधी. आई-बाप ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियात पोटासाठी गेलेले, बापानं रेल्वेच्या जुन्या डब्याचंच घर केलं, त्यात हा वाढला. हा नऊ वर्षाचा असताना बाप गेला आणि पोरगं बिघडलं, चोऱ्या, पळून जाणं, शेवटी सॅन क्वेंटिन तुरुंग. तिथं कैदी म्हणून बसलेला असताना त्यानं जॉनी कॅशचा कार्यक्रम बघितला. तू फॉल्समचं रेकॉर्डिंग ऐकलंस ना, कॅशनं स्वतः कधी शिक्षा भोगली नव्हती, एखाद्या रात्री कोठडीत काढल्या असतील तेवढंच. हॅगर्डनं भोगली होती. १९६८ चं 'मामा ट्राइड' ऐक, आईनं सगळं केलं, दोष तिचा नाही, माझाच, एवढं एका पोरानं आईसाठी सांगितलंय. १९७२ ला गव्हर्नर रेगननं त्याला माफी दिली. ६ एप्रिलला जन्मला आणि २०१६ ला ६ एप्रिललाच गेला.

जॉर्ज जोन्स टेक्सासचा. दारूनं त्याचे इतके कार्यक्रम बुडाले की लोकांनी त्याला नावं ठेवली, आणि १९८० च्या आसपास तो संपला असंच सगळे धरून चालले होते. तेव्हा निर्माता बिली शेरिलनं त्याच्याकडून 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' गाऊन घेतलं. जोन्सला गाणं आवडलंच नव्हतं, एवढं रडकं कोण विकत घेईल म्हणायचा. मधला बोलायचा भाग त्याला नशेत धड बोलता येईना, तो बऱ्याच काळानं पूर्ण झाला. गोष्ट अशी, की एका माणसानं मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन म्हटलं होतं आणि आज त्यानं ते थांबवलं. ऐकणाऱ्याला हे दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात कळतं, गायक कुठंच घाई करत नाही. जबडा जवळजवळ मिटून गातो, शब्द दातात धरल्यासारखा, आणि एकाच अक्षरावर दोन-तीन सूर इतके बारीक घसरवतो की पेटीवर ते निघणारच नाहीत, पट्ट्यांच्या मधले आहेत. शेवटाला व्हायोलिनं चढतात, बालाघाट भौला आवडणार नाहीत, पण इथं ती त्याच्या गळ्याच्या वर जात नाहीत.

हॅगर्डमुळं कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावाचं नाव निघणार, बक ओवेन्स आणि ती कडक इलेक्ट्रिक गिटार, नॅशव्हिलच्या व्हायोलिनांना तिकडून दिलेलं उत्तर. बालाघाट भौ, तुम्ही त्यावर वेगळा धागा काढा, मी हॅगर्डच्या साथीदार रॉय निकोल्सच्या गिटारवर लिहीन.